ठोक्यानं जागा सोडली

माझ्या नवऱ्याच्या पाठीला एक भोक पडलं होतं आणि ते पाहायला अर्धं सौसर येऊन गेलं. डाव्या अंगाला, बरगड्या संपत येतात तिथं, करंगळीचं टोक जाईल एवढं, वर पट्टी चिकटवलेली. माझी नणंद वत्सलाबाई येणाऱ्या प्रत्येकीला त्यांचा सदरा वर करून ती पट्टी दाखवायची. "पाय वो, एवढ्याशा भोकातून खडा काढला म्हणते नागपूरचा डाक्टर. ना चीर, ना टाका. यालेच ऑपरेशन म्हणून राहिले आता." बाया हसायच्या. वामनराव लाजून सदरा खाली ओढायचे. एरवी मंडीत दिवसभर लोकांशी हुज्जत घालणारा माणूस, पण बहिणीपुढे गरीब गाय.

अठ्ठ्याऐंशीचा हिवाळा होता. दुर्बिणीचं ऑपरेशन तेव्हा आमच्याकडे कोणी ऐकलेलंही नव्हतं. वामनराव पांढुर्ण्याच्या कापूस मंडीत कारकून. कमरेत कळ आली की जमिनीवर लोळायचे. शेवटी नागपूरला दाखवलं, तर डाव्या किडनीच्या पार वरच्या टोकाला बोराएवढा खडा. पोट फाडतील म्हणून मी धास्तावले होते. डॉक्टर म्हणाले, फाडायचं नाही, पाठीतून बारीक दुर्बीण घालू आणि खडा फोडून काढू. तसं त्यांनी केलंही. पाठीत काही दिवस नळी होती, ती काढली आणि घरी सोडलं. निघताना सांगितलं, ताप आला किंवा लघवी लाल झाली तर लगेच आणा, पाणी भरपूर पाजा. श्वासाबद्दल अवाक्षर नव्हतं. त्यांचं सांगणं मी पाठ करून ठेवलं होतं आणि पुढं त्याचाच मला जाच झाला, कारण जे होत होतं ते त्यात कुठं बसत नव्हतं.

घरी म्हणजे पांढुर्ण्याला जायचं होतं, पण वत्सलाबाई दवाखान्यातूनच भावाला घेऊन सौसरला निघाली. मला विचारलं नाही, नुसतं कळवलं. माय गेली तेव्हा वामनराव रांगत होते. वत्सलाबाईचं लग्न झालं तेव्हा ती त्यांना सोबतच सासरी घेऊन आली. लोक लेकीला आंदण म्हणून गाय देतात, हिनं भाऊ आणला, असं तिचे मालक यशवंतराव तिला अजून चिडवतात. बायकांना माहेरपण असतं. आमच्या घरी ते नवऱ्याला होतं. यशवंतरावांचा संत्र्याचा बगिचा, दूधदुभतं, अंगणात उन्हाला टाकलेली खाट. मी तोंड मिटून मागं मागं गेले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि त्या बाईला मी एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं. एकतर माझी हिंमत नव्हती, आणि दुसरं म्हणजे तिचं बहुतेक वेळा बरोबरच निघायचं, याचा राग जास्त यायचा.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. मग वामनराव बोलता बोलता थांबायला लागले. अर्धं वाक्य बोलायचे, दम घ्यायचे, मग उरलेलं अर्धं. खाटेवरून उठून न्हाणीपर्यंत गेले की दाराची चौकट धरून उभे राहायचे.

"काय होते?" मी विचारलं.

"काही नाही. गॅस आहे."

गॅस हा आमच्या भागातला मोठा सोयीचा आजार आहे. कोणतंही दुखणं त्यात मावतं. ओवा झाला, हिंग झाला, गरम पाणी झालं. पण आडवं झालं की खोकला सुटायचा, कोरडा, थांबता थांबेना. एक उशी, दोन उशा, शेवटी भिंतीला पाठ लावून बसूनच झोपायला लागले. मी शेजारी पडून त्यांचा श्वास ऐकत राहायची. ऐकायचा नाही असं ठरवून कूस बदलायची आणि तिकडूनही ऐकायची. श्वास मध्येच अडला की माझाही अडायचा.

आणखी एक गोष्ट मला खात होती. वत्सलाबाई दिवसभर त्यांना पाणी पाजत होती. कुळथाचं पाणी, जवाचं पाणी, ताक, तांब्यामागून तांब्या. पण वामनराव लघवीला न्हाणीत जाऊन यायचे ते थोडक्यात उरकून. एवढं पाणी जातं कुठं, म्हणून मी तिला विचारलं, तर म्हणाली, घामातून जात असन. पौषाची थंडी, कुत्री चुलीपाशी येऊन निजत होती, आणि म्हणे घाम.

"बाई, एकदा नागपूरले दाखवून आणू," मी धीर करून म्हटलं.

"कायले? ऑपरेशन खाली झालं अन् दम वर लागून राहिला. किडनीचा अन् श्वासाचा काय संबंध? तूच सांग."

मला तरी कुठं ठाऊक होतं. वामनराव भिंतीला टेकून हातानंच खूण करत होते, राहू दे, राहू दे. नागपूरला पुन्हा दवाखाना, पुन्हा सुया, त्यापेक्षा बहिणीच्या हातचं पिठलं बरं, एवढंच त्यांच्या मनात. मी मनातल्या मनात दोघा भावंडांना शिव्या दिल्या.

त्या सकाळी मी त्यांना उन्हात बसवून छातीला बाम चोळत होते. डाव्या बाजूला तळवा टेकवला तर हाताला काही लागेना. नवऱ्याच्या छातीवर हात ठेवणं बायकोला काही नवं नसतं. ठोका कुठं लागतो ते माझ्या हाताला पाठ होतं. तिथं सामसूम. मी घाबरून तळवा सरकवत गेले आणि मधलं हाड ओलांडून पार उजव्या अंगाला तो सापडला. घाईघाईत चालला होता, मध्येच एखादा चुकायचा, मग दोन एकदम.

"तुमचं काळीज इकडं कसं आलं?"

वामनराव हसले. हसायलाही दम पुरेना. "तुह्याचपाशी... ठेवलं होतं न... पाय बरं, कुठं ठेवलं."

असल्या वेळी थट्टा सुचते म्हणून मला रडूच आलं. मी तशीच बामाच्या हातानं चुलीपाशी धावले. "बाई, यांचा ठोका जागेवर नाही. सरकला."

वत्सलाबाईनं फुंकणी खाली ठेवली. "मंग मी काय म्हणून राहिली कालपासून? बेंबी सरकली त्याची."

आमच्याकडे बेंबी सरकते. जड काही उचललं, पाय घसरला, की सरकते. मग पोट दुखतं, अन्न जात नाही, जीव घाबरा होतो. बेंबीखालचा ठोका बरोबर मधोमध लागावा लागतो. तो वर नाहीतर बाजूला लागला की समजायचं, सरकली. मग ती बसवून घ्यायची. बसवणारी माणसं ठरलेली असतात आणि सौसरपासून मोहगावपर्यंत वत्सलाबाईचा हात नावाजलेला. मीही तिच्याकडून बसवून घेतली होती आणि बरंही वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. ठोका सरकला असं ओरडत मीच तिच्याकडे गेले होते, आणि तिच्या विद्येत ठोका सरकण्याला दुसरं नावच नव्हतं.

"पोटातला नाही बाई, छातीतला."

"वर चढली असन. वर चढली की दमच लागते. आता आणते खाली." ती उठून कणीक घ्यायला गेलीसुद्धा.

बेंबी बसवायची तर उपाशीपोटी आणि उताणं निजून. मधल्या खोलीत चटई टाकली. उशी तिनं पायानंच बाजूला सारली. वामनराव चटईवर बसले, पण आडवे होईनात.

"बाई, बसूनच कर न."

"बसून कुठं बेंबी बसत असते? लहानपणी असाच नखरे करे. निज."

निजले. तिनं पाची बोटं जुळवून बेंबीत रोवली, डोळे मिटले, जरा वेळ थांबली. "हे पाय, वरच आहे," ती म्हणाली. मग पोटावर कणकेची पणती ठेवून वात पेटवली आणि वरून लोटा पालथा घातला. वात विझते, लोटा पोटाला घट्ट धरतो आणि आतली कातडी वर ओढली जाते. एरवी हे पाहताना पोरं हसतात. मी दारात उभी होते आणि माझं लक्ष लोट्याकडे नव्हतंच. वामनरावांचे डोळे मोठे होत चालले होते. त्यांनी मान उचलली. वत्सलाबाईनं कपाळावर हात ठेवून ती खाली दाबली.

"हालू नको. लोटा सुटते."

यशवंतरावांनी पाय धरले होते. वामनरावांचं तोंड उघडं होतं, पण आवाज येत नव्हता. एक हात चटईवर आपटत होता. ओठ पिकल्या जांभळासारखे झाले होते. मला समोर दिसत होतं की हा माणूस मरतो आहे, आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता, कारण तिथं त्याची बहीण बसली होती.

मग मला काय झालं कोण जाणे. मी आत गेले आणि वत्सलाबाईचं मनगट धरून तिचा हात कपाळावरून झटकला. लोटा कलंडला, तेल चटईवर सांडलं. मी वामनरावांच्या काखांत हात घालून त्यांना बसतं केलं, पाठ माझ्या छातीला लावून घेतली. श्वास आला तो शिट्टीसारखा. पुन्हा एक आला. पुन्हा.

"मले हात लावला तू?" वत्सलाबाई म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता, आणि तो खाली गेला की घरातली माणसं इकडे तिकडे होत.

"लावला. आता तुम्ही लावा." मी तिचा हात ओढला आणि त्यांच्या छातीवर डावीकडे दाबून धरला. "इथं काही लागते?" मग उजवीकडे नेला. "अन् इथं? ही बेंबी आहे काय? सांगा न मले. तुमचा हात हुशार आहे, मग सांगा. याले तुम्ही घेऊन निजत होत्या. तेव्हा कुठं होतं याचं काळीज?"

ती हात काढून घेईल, मला ढकलेल, असं मला वाटलं. तिनं हात काढला नाही. बोटं तिथंच राहिली. वामनरावांचा ठोका एकदा चुकला, मग जरा लांब थांबला, आणि तो थांबला तसा तिचा चेहरा उतरलेला मी पाहिला. ती बाई कोणाला घाबरल्याचं मी अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

"इकडं नव्हता हा," ती म्हणाली. मग मालकांकडे वळून, "मेटाडोर गेली काय नागपूरची?"

मेटाडोर बगिच्यातच उभी होती, संत्र्याच्या पेट्या भरून झाल्या होत्या, कवडू ड्रायव्हर दोर आवळत होता. वामनरावांना पुढं कवडूच्या शेजारी बसवलं, मी दाराच्या बाजूनं त्यांना धरून. वत्सलाबाईला जागा नव्हती. ती नेसत्या लुगड्यानिशी मागं पेट्यांवर चढून बसली. यशवंतरावांनी घोंगडी वर फेकली तेवढीच.

त्या रस्त्याची आठवण आजही मला नको वाटते. वामनराव दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून पुढं वाकून बसले होते. बोलत नव्हते. खड्डा आला की मी त्यांचा दंड आवळायची, जसा काही दंड सोडला तर श्वासही सुटेल. कवडू एकदा म्हणाला, "मामी, जरा धीर धरा, सावनेर आलंच." मला त्याच्या धीराचाही राग आला. सावनेर काही आलं नव्हतं. आधी राज्याच्या हद्दीवरचा नाका आला, आणि नाक्यावर संत्र्याच्या ट्रकांची ही भली रांग. कवडूनं भोंगा वाजवला. पुढच्यानं खिडकीतून हात हलवला, म्हणजे वाजव किती वाजवायचा तो.

वामनरावांची मान माझ्या खांद्यावर आली. मी हाक मारली, त्यांनी डोळे उघडले, पुन्हा मिटले.

तेवढ्यात मागून धप्पकन उडी मारल्याचा आवाज आला. वत्सलाबाई पदर खोचून रांगेच्या कडेनं पुढं चालत होती. प्रत्येक ट्रकच्या दारावर थापा मारत, "बाजूले घे, बाजूले घे बापा," असं करत पार नाक्याच्या दांड्यापर्यंत गेली. तिथल्या माणसाला काय म्हणाली ते मला पूर्ण ऐकू आलं नाही. एवढंच ऐकलं, "माह्या लेकराचा जीव जाऊन राहिला." भाऊ म्हणाली नाही, लेकरू म्हणाली. आणि जीव जातो आहे हे घरातल्या कोणीतरी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं होतं. ट्रक एकेक करून कडेला झाले, दांडा वर गेला, कवडूनं गाडी दामटली.

दवाखान्यात ज्यांनी ऑपरेशन केलं तेच डॉक्टर भेटले, हे नशीब. त्यांनी वामनरावांच्या पाठीवर बोटांनी टकटक केली, उजवीकडे आणि मग डावीकडे, आणि त्यांचा चेहरा बदलला. फोटो काढला. डावी बाजू सगळी पांढरी होती, फुप्फुस दिसतच नव्हतं. मग पुढचं सगळं फार भराभर झालं. बसल्या जागीच, काखेखाली सुई देऊन, दोन बरगड्यांच्या मधून छातीत नळी घातली आणि तिचं दुसरं टोक खाली ठेवलेल्या काचेच्या बाटलीत सोडलं. पिवळसर पाणी यायला लागलं. येतच राहिलं. डॉक्टर मध्येच चिमटा लावून ते थांबवायचे, एकदम सगळं काढायचं नसतं म्हणाले. बाटली भरली, दुसरी लावली. वामनरावांचे ओठ हळूहळू माणसाच्या रंगाचे झाले.

मग डॉक्टरांनी आम्हा दोघींना समजावून सांगितलं. खडा किडनीच्या वरच्या टोकाला होता, म्हणून दुर्बीण खालच्या बरगडीच्या वरून घालावी लागली. तिथं फुप्फुसाभोवतालची पिशवी खाली आलेली असते. तिला बारीक छेद गेला असणार. नळी होती तोवर कळलं नाही. ती काढल्यावर किडनीतलं पाणी खाली यायचं ते वर छातीत साठत गेलं. त्या पाण्यानं फुप्फुस दबलं आणि काळीज पलीकडे ढकललं गेलं. असं फार क्वचित होतं, ते म्हणाले, मी स्वतः पहिल्यांदाच पाहतो आहे. आता खालून मूत्रनळीतही एक बारीक नळी घालावी लागेल, म्हणजे पाणी आपल्या वाटेनं जाईल.

वत्सलाबाई ऐकत होती. तांब्यामागून तांब्या पाजलेलं कुळथाचं पाणी तिला तेव्हा आठवलं असणार, मला तर आठवलंच. पण ती तशीच बाहेर निघून गेली.

मी निघणार तर डॉक्टरांनी मला थांबवलं. "यांना कोणी उताणं झोपवलं होतं का?"

"सकाळी. थोडा वेळ."

"पोटावर गोल वळ आहे, म्हणून विचारलं. आणखी थोडा वेळ तसेच राहिले असते तर इथवर पोचले नसते. पोटावर दाबच नको होता अशा वेळी." ते रागावले नव्हते, दमलेले होते. "श्वास मोकळा झाला आहे. पण ठोके अजून चुकताहेत. उद्याचा दिवस जाऊ दे, मग सांगतो."

मी बाहेर आले. वत्सलाबाई खांबाला टेकून फरशीवर बसली होती. लुगड्याला पेट्यांमधली तणीस चिकटलेली. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते, कोणाचे तरी उसने आणलेले असावेत तसे. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता, माझ्याही नव्हता.

"तुले मागं थांबवून काय म्हणे डाक्टर?"

सबंध वाटेत, नाका येईपर्यंत, मी एकच काम केलं होतं. हिला काय काय सुनवायचं ते जुळवत आले होते. अकरा वर्षांचं साचलेलं होतं, नुसतं पाठीतलं भोक दाखवण्यापुरतं नव्हतं. आणि आता माझ्या हातात जे होतं त्यापुढं त्यातलं काहीच लागणार नव्हतं. डॉक्टरचं एक वाक्य तेवढं सांगायचं. ती जन्मात पुन्हा मान वर करून माझ्याशी बोलली नसती.

"म्हणे उद्याचा दिवस जाऊ द्या. ठोका चुकते अजून."

"ते नाही. माह्या हाताबद्दल काय म्हणे?"

मी तिच्या लुगड्यावरची एक काडी उचलून टाकली.

"माला," ती म्हणाली. मला नावानं हाक मारायची तिला सवय नव्हती. "माह्या हातानं झालं काय वो हे?"

तिच्याकडे पाहवेना. आत माझा नवरा जगेल की नाही ते मला ठाऊक नव्हतं, आणि जगात दुसरं एकच माणूस असं होतं ज्याला ते माझ्याइतकंच ठाऊक करून घ्यायचं होतं. ते माणूस फरशीवर बसलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "ते ऑपरेशनचंच होतं. तुमच्या हातानं काही झालं नाही."

तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"खोटं बोलून राहिली तू."

आतून वामनरावांच्या खोकल्याचा आवाज आला. आम्ही दोघींनी एकदमच दाराकडे पाहिलं. खोकला थांबला, मग श्वासाचा आवाज आला, मग पुन्हा आला.

वत्सलाबाईनं माझ्या पदराचं टोक धरलं. "अजून एक डाव म्हण," ती म्हणाली.

मी तिच्या शेजारी फरशीवर बसले आणि पुन्हा म्हटलं.